दहा मिनिटांत न मावलेला प्रश्न

मित्रांनो, चर्चच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला, छत्र्यांच्या स्टँडच्या वर, चहाच्या रंगाची एक लाकडी पेटी टांगलेली दिसेल. वरच्या बाजूला फट, खाली छोटं कुलूप. ती मी. माझ्या अंगावर पूर्वी 'प्रश्नपेटी' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. पण लोकांना उशीर झालेला असतो, ते मला खांदा घासत आत शिरतात, त्यात शेवटची दोन अक्षरं झिजून गेली. आता मी नुसती 'प्रश्न' आहे. स्वभावही तसाच होत गेला. पोटात एखादी चिठ्ठी पडली की तिचं उत्तर ऐकेपर्यंत मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. त्या बाकावर बरीच वर्षं मंडळी बसली, पेंगली, एकदा तर प्रार्थना चालू असताना त्याचा पाय मोडून तिघं एकदम खाली आली. सुतारकाकांनी त्याच्या पाठीच्या फळ्या कापून मला बनवलं. कडा घासल्या, बिजागरी बसवली आणि मग खिशातून पेन्सिल काढून पहिली चिठ्ठी त्यांनीच टाकली. 'योसेफ सुतार होता, तर त्याने बनवलेली एक तरी वस्तू शास्त्रात का सांगितलेली नाही?' तेव्हाच्या पाळकांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, उत्तर आलं की शास्त्र, म्हणजे बायबल, त्याबद्दल गप्प आहे. "गप्प म्हणजे काय?" काका म्हणाले. "निदान एक स्टूल तरी सांगायचं!" ते रागावले होते, पण पुढच्या रविवारी येऊन त्यांनी माझ्या बिजागरीला तेल घातलं.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. जे पाळक होते त्यांची बदली झाली आणि नवे जे आले त्यांना प्रश्न म्हणजे अंगावर झुरळ पडल्यासारखं वाटायचं. "विश्वास आहे ना? मग विचारताय कशाला?" असं ते म्हणायचे. लोकांनी विचारणं सोडलं. माझ्यात गोळ्यांचे कागद पडू लागले, बसची तिकिटं पडू लागली, एका कोळिणीने, म्हणजे आठ पायांच्या, तिथे बाळंतपणही उरकलं. मला तिचा राग नव्हता. निदान ती रिकामी बसलेली नव्हती. मीच बसले होते, अकरा वर्षं, आणि लाकूड बसून बसून वाकतं ते मला तेव्हा कळलं.

मग आत्ताचे पाळक आले. तरुण, बोलायला चटपटीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खाली उतरवून ओल्या फडक्याने पुसलं आणि जाहीर केलं की दर रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं फक्त प्रश्नांची. दहा म्हणजे दहा. त्यासाठी पुढच्या बाकावर घंटीवाले काका बसू लागले. ते निवृत्त झाले होते रेल्वेच्या वेळापत्रक खात्यातून. टेबलावरची घंटी वाजवायची संधी मिळाली म्हणून त्यांचं वय पाच वर्षांनी कमी झालं, असं त्यांची बायकोच सांगायची.

काय बहर आला मला! एदेन बागेतलं फळ सफरचंदच होतं का? (शास्त्रात नुसतं फळ म्हटलंय, सफरचंद चित्रकारांनी केलं.) पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीनच होते का? (भेटी तीन होत्या, माणसं किती ते लिहिलेलं नाही.) नोहाच्या तारवात मासे होते का? यावर तर लोक इतके हसले की घंटी कुणालाच ऐकू आली नाही. पाळक अशा प्रश्नांवर खूष असायचे. उत्तर रंगवून सांगायची त्यांची हातोटी होती. आधी घाबरवायचं, मग सोडवायचं. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, "या पेटीमुळे रविवारची मजा वाढली." मी फुगायचे. पावसाळा नसतानाही.

माझी किल्ली बाईंकडे होती. बाई म्हणजे गावातल्या निम्म्या मंडळींना शाळेत शिकवलेल्या शिक्षिका. गुडघे गेलेले, नजर शाबूत. शनिवारी सकाळी त्या माझ्या शेजारच्या बाकावर बसायच्या, कुलूप उघडायच्या आणि प्रत्येक चिठ्ठी स्वच्छ कार्डावर उतरवून काढायच्या. कारण असं की पाळकांना कुणाचं अक्षर ओळखू येऊ नये. उतरवताना त्या शुद्धलेखन सुधारायच्या आणि लांबण कापायच्या. "चिठ्ठीतला संसार काढून टाकायचा, प्रश्न तेवढा ठेवायचा," असं स्वतःशी म्हणायच्या. मूळ चिठ्ठ्या फाडून पर्समध्ये, तिथून घरच्या चुलीत. बाईंची पद्धत चोख होती. तिच्यातच घोळ झाला.

एका रविवारी ऑर्गनवाल्या ताईने माझ्यात चिठ्ठी टाकली. चौदा वर्षं ती आमच्याकडे ऑर्गन वाजवत होती. सात महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी फटीत घातली आणि पुन्हा ओढून काढायला बघितली. पण ती पडली होती. मित्रांनो, तेव्हापासून शनिवारपर्यंत मी कशी राहिले ते माझं मला माहीत. त्यात लिहिलं होतं:

'आई आत होती तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून देवाला शिव्या दिल्या. मनात नाही, मोठ्याने. तू नाहीसच, आणि असलास तर दुष्ट आहेस म्हणाले. अर्ध्या तासाने आई गेली. एक पाप कधीच माफ होत नाही असं लहानपणी ऐकलं होतं. ते हेच का? सात महिने मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. कुणाला कळलेलं नाही.'

खरंच कळलेलं नव्हतं. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे रांगेत जायचे तेव्हा ती वाजवत असायची. शेवटी चर्चचा कारभार बघणारे एक वडीलधारे तिच्याकडे भाकरीचं ताट न्यायचे, तर ती दोन्ही हात गुंतल्यासारखं दाखवून मानेनेच म्हणायची, नंतर घेते. मला दारातून सरळ दिसायचं. नंतर कधी यायचंच नाही.

शनिवारी बाईंनी ती चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेलं होतं, ओळखू येणार नाही तर काय! जिना, आई, सात महिने, यातला एक शब्द जरी वाचला गेला तरी सगळ्या चर्चला कळणार. त्या पुटपुटल्या, "नको गं बाई, तुझं उघड्यावर नको." आणि मायेने, अगदी मायेने, त्यांनी कार्डावर एवढंच लिहिलं: 'कोणत्या पापाला क्षमा नाही?'

मी ओरडले असते. पण माझी बिजागरी तेवढी करकरली आणि बाई म्हणाल्या, "तेल घालायला हवं हिला."

रविवारी पाळकांनी ते कार्ड तिसरं काढलं. आधीची सहा मिनिटं काइनाला बायको कुठून मिळाली यात गेली होती. कार्ड वाचून त्यांचे डोळे चमकले. असा प्रश्न रंगतो. त्यांनी आवाज खाली आणला. "होय. असं एक पाप आहे. स्वतः प्रभू येशूने सांगितलंय. पवित्र आत्म्याची निंदा. त्याला क्षमा नाही. या युगात नाही, येणाऱ्या युगातही नाही." त्यांनी एक बोट वर केलं. "आता प्रश्न असा की ते पाप कोण करतो..."

टण्ण!

"दहा झाली," घंटीवाले काका म्हणाले.

"काका, दोन मिनिटं."

"तुम्हीच म्हणाला होतात, दहा म्हणजे दहा. मागच्या वेळी माशांनी चार खाल्ली."

लोक हसले. पाळकही हसले. "बरं, बाकीचं पुढच्या रविवारी." शेवटचं गीत लागलं. ऑर्गनचे सूर नेहमीप्रमाणे आले, एकही चुकला नाही. त्यानेच माझा जीव आणखी घाबरला. बाईंनी ऑर्गनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढच्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे उपदेशक आले. त्यांना दहा मिनिटं काय, दुपारही पुरली नसती. प्रश्नांची वेळ गेली. त्या दिवशी सगळे गेल्यावर ताई पुन्हा आली. या वेळी चिठ्ठी टाकताना ती थांबली नाही.

'उत्तर कळलं. पुढच्या रविवारनंतर मी येणार नाही. ऑर्गनसाठी कुणीतरी बघा.'

सहा दिवस! भिंतीला टांगलेल्या वस्तूला येरझारा घालता येत नाहीत, नाहीतर मी फरशी झिजवली असती. साफसफाईवाली मावशी मला पुसताना म्हणाली, "ही पेटी का हलतेय? खिळा सैल झालाय वाटतं." खिळा घट्ट होता.

शनिवारी बाईंनी चिठ्ठी वाचली. कार्ड काढलं नाही. यात उतरवण्यासारखा प्रश्नच नव्हता. त्या इतका वेळ बसून राहिल्या की मावशीने विचारलं, "बाई, गुडघा धरलाय का? हात देऊ?"

"पाळकांना बोलाव," बाई म्हणाल्या. "आत्ता. जेवत असतील तर तसेच या म्हणावं."

पाळक आले, हात पुसत. बाईंनी चिठ्ठी मुठीत धरली होती, ती दाखवली नाही.

"मी एक प्रश्न कापला," त्या म्हणाल्या. "कोण ते विचारायचं नाही."

"नाही विचारत."

"कुणीतरी दुःखात, रागाने, देवाला नको नको ते बोललंय. आणि विचारत होतं की आता मला माफी आहे का. मी त्यातलं माणूस काढून टाकलं. तुम्हाला नुसतं पाप पाठवलं."

पाळकांचा चेहरा उतरला. ते माझ्या शेजारच्या बाकावर बसले. "आणि मी आधी कडक भाग ऐकवला," ते म्हणाले. "बाई, शास्त्रात ते वाक्य त्या क्रमाने नाहीच आहे. क्षमा आधी आहे. मी उलटं सांगितलं. कारण तसं..." त्यांनी हात पुन्हा एकदा पुसले. "कारण तसं रंगतं."

"घंटी वाजली म्हणून राहिलं."

"घंटीवर नका ढकलू. तोंड माझं होतं."

"मग उद्या तेच तोंड उघडा," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणत असतील तशाच. "आणि गंमत नको."

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्यांदाच पुढच्या बाकावर, घंटीवाल्या काकांना खेटून बसल्या. पाळकांनी कार्ड घेतलंच नाही. म्हणाले, "मागे मी एक उत्तर अर्धं टाकून घरी जेवायला गेलो. कुणी ते अर्धंच घेऊन जगत असेल तर ती माझी चूक आहे. त्या वाक्याच्या आधी प्रभू म्हणतो की माणसांची सगळी पापं आणि त्यांनी केलेली सगळी निंदा, यांची क्षमा होईल. सगळी. मग ते एक कुणाला सांगितलं? ज्यांच्या डोळ्यांदेखत आजारी बरे झाले, आणि जे थंड डोक्याने म्हणाले की हे सैतानाचं काम आहे, त्यांना. त्यांना भीती वाटत नव्हती. झोप लागत होती. ज्याला भीती वाटते, ज्याला हे आपण केलं का म्हणून जेवण जात नाही, तो त्यांच्यातला नाही."

घंटीवाल्या काकांचा हात पुढे गेला. बाईंनी घंटी उचलून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"अहो बाई!"

"गप्प बसा."

पाळक बोलत राहिले. "ईयोब देवाशी भांडला, जन्मल्या दिवसाला शाप दिला. शेवटी देव त्याच्या शहाण्या मित्रांवर रागावला, त्याच्यावर नाही. पेत्र प्रभूचा शिष्य, पण त्याने शपथा वाहून सांगितलं की मी या माणसाला ओळखत नाही. त्यालाच प्रभूने नंतर आपली मेंढरं, म्हणजे माणसं, सांभाळायला दिली. देवाला शिव्या देणारा माणूस निदान देवाशी बोलत असतो. मला एवढंच येतं. पण हे पूर्ण आहे, अर्धं नाही."

मग प्रभुभोजन. ऑर्गन सुरू झाला, रांग लागली. मी फटीतून बघत होते. सूर चालूच होते. रांग लहान होत गेली. दहा जण, पाच, दोन. ताई वहीत डोकं घालून वाजवत होती. ताट घेऊन ते वडीलधारे तिच्याकडे वळले आणि मला कळलं की ती पुन्हा मान हलवणार.

तेवढ्यात बाई उठल्या. बाकांना धरत, एकेक पाय टाकत त्या ऑर्गनपाशी गेल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.

"बाई, काय हे? तुम्हाला कुठे येतं?"

"शाळेत प्रार्थनेला मीच वाजवायचे. तू तेव्हा पहिल्या रांगेत शेंबूड पुसत उभी असायचीस. सरक म्हणते ना."

ताई सरकली. बाईंनी एका बोटाने वाजवायला सुरुवात केली आणि पहिलाच सूर असा लागला की मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताई उभी होती. हातांना काम नव्हतं, सबब नव्हती. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळले, सोडवले. बाई मागे न बघता म्हणाल्या, "लवकर जा गं, मला एकच कडवं येतं."

ती गेली. चौदा पावलं आहेत तिथपर्यंत, मी मोजली. पाळकांनी तिच्या हातावर भाकर ठेवली आणि एक शब्दही बोलले नाहीत. बोलण्यात पटाईत माणूस, पण नाही बोलले. बाईंनी ते एक कडवं तीनदा वाजवलं.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मीही शांत झाले असते. पण पुढच्या रविवारी ताईची आणखी एक चिठ्ठी आली. शनिवारी बाईंनी ती उतरवली. काना-मात्रासुद्धा न बदलता, संसारासकट. ताईने खाली लिहिलं होतं, 'वाचलीत तरी चालेल.' रविवारी पाळकांनी ती सगळ्यांसमोर वाचली: 'जिन्यात मी जे बोलले ते देवाने ऐकलं असेल, तर आईसाठी जे मागितलं तेही ऐकलंच असेल. मग?'

पाळकांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

कुणी हसलं नाही. घंटी बाईंच्या पर्समध्येच होती. ऑर्गनवर ताईने वर बघितलं, मान हलवली, या वेळी होकारासाठी, आणि पुढच्या गीताचं पान काढलं.

ती चिठ्ठी बाईंनी फाडली नाही. माझ्यात परत ठेवली आहे. म्हणून म्हणते, जाता-येता माझ्यात गोळ्यांचे कागद टाकू नका. तिथे कुणाचातरी प्रश्न राहतो आहे. आणि तुमचा असेल तर अख्खा टाका, लाजून लहान करू नका. उत्तर देणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडते, अर्धं सांगून जेवायला जाऊ नका. आलं नाही तर आलं नाही म्हणा. मी ते पोटात सांभाळीन. स्वस्थ बसणार नाही, पण सांभाळीन.