रोलोची पाठ

प्रेमानंद एरवी तोलूनमापून बोलणारा गडी. पण नागपूरच्या मिहानातल्या कंपनीच्या वार्षिक नाटकात त्याला नायकाचं काम मिळालं, आणि घरातल्या घरातही तो छाती काढून चालू लागला.

कंपनी विमानाचे सुटे भाग बनवणारी, मालक फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातले. म्हणून नाटकही तिथल्या मूळपुरुषाचं. रोलो नावाचा व्हायकिंग समुद्रातून आला, त्याने लूटमार केली. शेवटी फ्रान्सच्या राजानेच कंटाळून मुलूख तोडून दिला : घे बाबा, आता तूच राख. रोलोने नवा धर्म घेतला, बस्तान मांडलं, आणि पुढे त्याच्या वंशजाने इंग्लंडचं तख्त घेतलं.

"रो लो?" म्हातारी इंदूबाई म्हणाली. "म्हंजे रडून घ्या! रडका राजा हाये का गा थो?"

"माय, नाव हाये त्याचं."

"ठेवनाऱ्याले काई सुचलं नाई वाटते."

मायला पहिल्या रांगेत बसवायचं, हे त्याने केव्हाच ठरवलं होतं.

गोम तालमीत निघाली. नाटक बसवणाऱ्या मयुरा मॅडम म्हणाल्या, "मुलूख मिळाला की रोलो राजाच्या पाया पडतो."

"खरंच पडला होता?"

मयुरा मॅडम खोटं बोलत नसत, फक्त सोयीचं बोलत. "नाही हो. दंतकथेत राजाच्या पायाचं चुंबन घ्यायला सांगितल्यावर रोलो म्हणतो, मी वाकत नाही. आपला शिपाई पुढे करतो. तो पठ्ठ्या उभ्यानेच राजाचा पाय तोंडापर्यंत उचलतो आणि राजा उताणा! पण आपला राजा म्हणजे प्लांटसाहेब. त्यांच्या मणक्यात गॅप आहे. पाडू त्यांना? तुम्हाला जमत नसेल तर अभिजीत तयार आहे."

अभिजीत पॅकिंगमधला. साहेबांच्या वाढदिवसाला दोनदा पाया पडायचा : एकदा गेटवर, एकदा केक कापल्यावर.

प्रेमानंदचा आजा धोंडबा मालगुजाराच्या दारात कमरेत वाकून उभा राहायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन परतला तो ताठ. मालगुजाराने सवयीने पाय पुढे केला, तर धोंडबा 'जयभीम' म्हणून चालता झाला. काम गेलं, झोपडी गेली. पण त्याची सून इंदूबाई सासऱ्याला मामाजीच म्हणते, आणि आजही सांगते, "आपलं घरानं मामाजीपासून सुरू होते. त्याच्या आंधीचे सारे वाकलेले. चेहरे कोनाले दिसले?"

पाया पडायचा प्रवेश प्रेमानंदने मायला सांगितलाच नाही. काम सोडवत नव्हतं, आणि वाकवतही नव्हतं.

नाटकाच्या संध्याकाळी तो पत्र्याचा मुकुट घालून आला, तशी मागची पोट्टी ओरडली, "रो ले, रो ले!" सिंहासनावरून प्लांटसाहेबांनी जरीची मोजडी पुढे केली. "रोलो, वंदन कर!"

प्रेमानंदने पहिल्या रांगेत पाहिलं. मायचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले.

"महाराज, मुलूख घेतला. राखीन बी. पन वाकत नाई."

"वाका ना!" विंगेतून मयुरा मॅडम कुजबुजल्या.

साहेब पाय पुढे धरूनच बसले. पुढे केलेला पाय मागे घ्यायची साहेबलोकांना सवय नसते. मोजडी होती सैल. ती निसटली. उचलायला कुणी येईना, म्हणून राजा स्वतः वाकला आणि तिथेच मणका धरला. भर दरबारात महाराज रोलोपुढे काटकोनात!

हॉल हसून कोसळला. नॉर्मंडीच्या पाहुण्यांना दंतकथा पाठ. त्यांना वाटलं, राजा पाडायची ही नागपुरी तऱ्हा. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

प्रेमानंदने दोन्ही हातांनी साहेबांना हळूच सरळ केलं. "उठा, महाराज. इथं कोनीच वाकाचं नाई."

साहेबांनी मनात हिशेब मांडला : रागावलो तर हसं, हसलो तर मोठेपणा. ते हसले आणि हात मिळवला. टाळ्या पुन्हा कडाडल्या.

बाहेर इंदूबाई पदराने डोळे पुसत होती.

"काहून वं माय? आवडलं नाई का?"

तिने त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला, खालून वर, कापड पारखावं तसा.

"पाठ मामाजीची हाये," ती म्हणाली. "पन नाव उलटं पडलं गा. रोलो तू, अन् रडली मी."