मी आहे ना मागे

ग्वीद्री घराण्याचा ऑक्टोबरातला मेळावा म्हणजे मासे तळायचे, एकमेकांची उणीदुणी काढायची, आणि जेवणं झाली की ओव्हिदने सापाची गोष्ट सांगायची. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. विशीतला ओव्हिद, अरुंद होडी, तिच्यात चढू पाहणारा मनगटाएवढा विषारी साप, आणि ओव्हिदने उघड्या हाताने त्याची मानगूट धरून त्याला दिलेलं भिरकावून. साप दरवर्षी थोडा जाड होत असे. मुळात तो करंगळीएवढा होता, असं थोरला भाऊ क्लिओफस म्हणायचा. पण हळूच म्हणायचा. गोष्ट चांगली होती, आणि चांगल्या गोष्टीला नख लावणं त्या घरात कुणाला आवडत नसे.

ओव्हिदची बायको मार्लिस ही गोष्ट तीस वर्षं ऐकत आली होती. ती उत्तरेची, मिनेसोटाची, बर्फातली. लुईझियानातल्या या घरात लग्न होऊन आली त्या दिवशीच तिचं नाव 'यांकी', म्हणजे उत्तरेकडची परकी, असं पडलं, ते कायमचं. तिखट खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं की यांकी, उकडतंय म्हणाली की यांकी. तिला पोहता येत नव्हतं, आणि दलदलीच्या त्या काळ्या पाण्यावर ती एकदाही होडीत बसली नव्हती. सगळी मंडळी पाण्यावर गेली की ही काठावर बटाट्याच्या सॅलडवरच्या माशा हाकत बसायची.

या वर्षी मात्र ओव्हिद हट्टाला पेटला. दलदलीच्या राखीव रानात सकाळी सगळे फळ्यांच्या वाटेवरून फिरून आले. दोन्ही बाजूंना सायप्रसचे जुने वृक्ष, बुंध्याशी फुगलेले, पाण्यातून वर आलेले त्यांच्या मुळांचे गुडघे, आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या करड्या दाढ्या. एका फांदीवर साप ऊन खात पडला होता. ओव्हिदने तिथेच शाळा भरवली.

"नीट बघ, मार्लिस. फांदीवर दिसतो तो गरीब. विषारी असतो तो आळशी, तो झाडावर चढायचे कष्ट घेत नाही. तो खाली ओंडक्यावर पसरलेला असतो. एवढं लक्षात ठेवलं की या पाण्यात भ्यायचं कारण नाही."

"दरवर्षी सांगतोस," मार्लिस म्हणाली.

"मग या वर्षी बस होडीत. तू पुढे बस, वल्हं नुसतं धर. मी आहे ना मागे!"

ती बसली. एवढ्या वर्षांनी बसली म्हणून पुतण्या लँड्रीने शिट्टी मारली, थोरली जाऊ यूला काठावरून ओरडली, "भावजी, परत आणा हो तिला! भांडी घासायला माणूस नाही!" मार्लिस हसली, पण तिने होडीची कड घट्ट धरली होती. ओव्हिदला तिच्या पाठीचा ताठरपणा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला आवडलाही. कुणीतरी आपल्या भरवशावर पाण्यात उतरलंय, ही गोष्ट त्याच्यासारख्या माणसाला जेवणापेक्षा जास्त भरते.

बाकीच्या होड्या पुढे वळणाआड गेल्या. ही दोघं संथ मागे राहिली. पाण्यावर हिरव्या टिकल्यांची साय होती, वल्ह्याने ती फाटायची आणि पुन्हा जुळायची. हळूहळू मार्लिसचे खांदे सैल झाले. "छान आहे रे," ती म्हणाली. "उगीच इतकी वर्षं घालवली."

तेवढ्यात एका खाली झुकलेल्या फांदीला होडी घासली, आणि साप पडला. दोघांच्या बरोबर मध्ये, होडीच्या तळाशी, धप्पकन.

पुढे जे झालं ते ओव्हिदने ठरवून केलं नाही, पण केलं त्यानेच. त्याच्या घशातून "आई गं!" अशी किंकाळी निघाली, अगदी पोरासारखी, आणि तो पाण्यात उडी मारून मोकळा झाला. उडी मारताना त्याच्या पायाने होडीला असा धक्का बसला की ती गर्रकन फिरली, कडेवरून पाणी आत आलं, आणि पोहता न येणारी बायको व साप अशी दोघं आत घेऊन ती लांब गेली. पाणी कमरेएवढंच होतं. चार ढांगांत होडी धरता आली असती. ओव्हिद उलट्या दिशेला गेला. पाण्यात बुडालेल्या मुळाच्या गुडघ्यावर नडगी सोलून घेत तो एका सायप्रसला जाऊन बिलगला आणि डोळे मिटून उभा राहिला.

डोळे उघडले तेव्हा मार्लिस वल्ह्याच्या पात्यावर साप तोलत होती. तिने तो अलगद पाण्यात सोडला, आणि तो वळवळत निघून गेला.

"फांदीवरचा होता," ती म्हणाली. "गरीब."

ओव्हिदला वाटलं, या चिखलाने आपल्याला पोटात घ्यावं. पण हा चिखल तसला नव्हता, गुडघ्याच्या वर गिळत नव्हता. तो होडीकडे गेला, कसाबसा चढला. "मार्लिस, मी..." आयुष्यभर ज्याची जीभ टाळ्याला लागली नव्हती, त्याची आता टाळ्याला चिकटली.

"पाय रक्ताळलाय तुझा," ती म्हणाली, आणि पुढे तोंड करून बसली. परतीच्या वाटेवर तिची पाठ पुन्हा तशीच ताठ होती. या वेळी ते पाण्याच्या भीतीने नव्हतं, एवढं त्यालाही कळत होतं.

काठावर क्लिओफस कढईपाशी उभा होता. धाकटा भाऊ नखशिखांत ओला आणि भावजय कोरडी, हे बघून त्याने झारा खाली ठेवला.

"अरे, हे काय? कोण बुडालं?"

ओव्हिदने तोंड उघडलं. पण मार्लिस आधी बोलली. "माझंच चुकलं, भावजी. होडीत साप पडला. मी घाबरून उभी राहिले, आणि हा गेला पाण्यात."

काठावर हशाचा डोंब उसळला. "यांकी!" लँड्री पोट धरून ओरडला. "काकू, काकाला बुडवायचं होतं तर विमा तरी उतरवायचा!" यूला म्हणाली, "मी म्हटलंच होतं, हिला काठावरच ठेवा. बर्फातली कोंबडी पाण्यात कशाला?" कुणीतरी तिच्या किंकाळीची नक्कल केली, जी तिने मारलीच नव्हती.

आणि ओव्हिद? ओव्हिदला हायसं वाटलं. उडी मारली ती अंगाने मारली, अंगाला अक्कल नसते, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे हायसं वाटणं त्याचं स्वतःचं होतं, चांगलं शुद्धीवर असतानाचं. तो मूग गिळून उभा राहिला. यूलाने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, तोही त्याने घेतला.

जेवायला बसले. तळलेला कॅटफिश, मक्याची भजी, सॅलड. एरवी ओव्हिदचं ताट तीनदा भरायचं, आज घास तोंडात फिरत राहिला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मार्लिस हसत होती, जो कोणी टोमणा मारेल त्याच्याकडे बघून हसत होती. हे हसणं ती तीस वर्षं हसत आली आहे, आणि आपण दर वेळी तिच्या शेजारी बसून सगळ्यांबरोबर हसलो आहोत, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. लाजेने त्याचे कान तापले.

"चला, धाकटे राव," क्लिओफस हात पुसत म्हणाला, "होऊ दे सापाची गोष्ट! आज तर ताजा साप आहे."

सगळे सरसावून बसले. ओव्हिद उठला.

"मार्लिस उभी राहिली नाही," तो म्हणाला. "किंचाळली नाही. मी किंचाळलो. मी तिला सापाबरोबर टाकून उडी मारली आणि झाडाला मिठी मारून उभा राहिलो. साप तिने काढला, वल्ह्याने."

यूलाने छातीवर हात ठेवला.

"अगं बाई! बघा, याला म्हणतात नवरा!" ती म्हणाली. "बायकोची फजिती होऊ नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय!"

"खोटं नाही, वहिनी. खरंच मी..."

"बस, बस," क्लिओफसने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे चक्क ओलावले होते. "ज्याने नुसत्या हाताने विषारी धरला, तो फांदीवरच्या गांडुळाला भ्याला म्हणे! लँड्री, शिकून घे काकाकडून. संसार असा करायचा असतो."

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या. ओव्हिद टेबलाच्या टोकाकडे बघत राहिला. मार्लिस, सांग त्यांना. एवढं एक कर. ती उठून त्याच्यापाशी आली, त्याच्या न संपलेल्या ताटावर आपलं रिकामं ताट ठेवलं, आणि त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू दे, ओव्हिद. मला हसण्यावारी न्यायची सवय आहे. तुला नाही."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती.

होडी परत पोचवायची होती, वळणापलीकडच्या धक्क्यावर, जिथून भाड्याने आणली होती तिथे. ओव्हिद काठाशी गेला आणि सवयीने मागच्या बाजूला पाय टाकायला लागला. मार्लिसने त्याच्या दंडाला धरून थांबवलं.

"पुढे बस," ती म्हणाली. "मागे मी बसते."

"तुला वळवता येईल?"

"बघू."

तो निमूट पुढे जाऊन बसला. होडी वाकडीतिकडी निघाली. काठावर सगळी मंडळी जमली होती. "काकू, जपून! परत पाडू नका त्याला!" लँड्री ओरडला, आणि पुन्हा हशा पिकला. मागून मार्लिसही हसली, तेच हसणं. ओव्हिदने मान वळवली नाही. पुढच्या ऑक्टोबरात जेवणं झाली की हीच गोष्ट मागतील, हे त्याला माहीत होतं. आणि सांगायला त्यालाच उभं करतील.