घासून परत केलेलं पिंप

त्या दिवशी सकाळी उरागुचीसानच्या तोंडाला नात्तोचा वास येत होता आणि माझं डोकं तिथेच फिरलं. सोयाबीन आंबवून केलेला तो तार सुटणारा चिकट प्रकार साऱ्या देशाला न्याहारीला चालतो, चालू दे. पण ज्या घरात शोयू, म्हणजे सोया सॉस, बनतो त्या घराच्या उंबऱ्याच्या आत तो येत नाही. नात्तोचा जीव आमच्या कोजीत, शोयूच्या विरजणात, शिरला की सगळा घाणा बिघडला म्हणून समजा. काडोवाकींची सून होऊन आले त्या दिवसापासून मी नात्तोला शिवले नाही, आणि मला तो फार आवडायचा हेही सांगून टाकते. आणि हा गृहस्थ शोयूच्या संग्रहालयाचा संचालक होऊन सकाळी सकाळी नात्तो-भात चापून आमच्या स्वागताला दारात उभा.

चिगुसाने माझ्या कोपराला हळूच चिमटा काढला. आई, आज नको, असा त्याचा अर्थ. आज आमचं पिंप घरी न्यायचं होतं, आणि त्यासाठी मी नात्तोचा वाससुद्धा गिळायला तयार होते.

पिंप आमचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी करून घेतलेलं. देवदाराच्या जाड फळ्या, बांबूच्या वेण्या वळून केलेली कडी, माणसाहून हातभर उंच. एका वेळी आमच्याकडे अशी पाच होती. माझा नवरा तेत्सुजी आजारी पडला तेव्हा चार गळायला लागली होती, आणि तो गेल्यावर मी एकटी पाचव्याचं काय करणार होते? पिंप रिकामं पडलं की लाकूड सुकतं, फटी पडतात, आणि आतला जीव मरतो. म्हणून गावचं संग्रहालय निघालं तेव्हा तिथले पहिले संचालक ओबातासान मागायला आले आणि मी दिलं. अटी तीनच घातल्या होत्या, त्याही तोंडी. ते भरलेलं ठेवायचं, धुवायचं नाही, आणि माझी मुलगी परत आली तर परत करायचं. म्हाताऱ्याने शब्द पाळला. सोयाबीन, गहू आणि मिठाच्या पाण्याचं आंबवण त्यात बुडबुडत असायचं आणि तो स्वतः लांब दांड्याने ते ढवळायचा. मी बाजारातून येताना मुद्दाम वाकडी वाट करून वास घेऊन यायचे. काठावर, बाहेरच्या फळ्यांवर काळी खपली चढलेली असायची, बोट लावलं तर बोट काळं. परगावचे लोक नाक मुरडायचे. ती खपली म्हणजे आमचं घर होतं. काडोवाकींच्या शोयूला जी चव होती ती माझ्या हातात नव्हती, तेत्सुजीच्याही नव्हती, त्या खपलीत होती.

चिगुसाला हा वास लहानपणी इतका नकोसा झाला होता की शाळा संपताच ती ओसाकाला पळाली आणि एका दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला लागली. गेल्या शरदात एक दिवस बॅग घेऊन दारात उभी. म्हणाली, शोयू करायचाय. मी काही विचारलं नाही. विचारलं तर परत जाईल अशी भीती वाटली. हिवाळाभर तिने घर झाडलं, कोजीची खोली कोरडी केली, शेजारच्या बेटावरच्या एका कारखानदाराकडे जाऊन हात काळे करून शिकून आली. मी तिला एकच ताकीद दिली होती, भिंतींना आणि तुळयांना हात लावायचा नाही. त्यांच्यावरही तीच खपली आहे, काळ्या आहेत त्या काळ्याच राहू दे.

आता कोजी तयार होत होती. उकडलेल्या सोयाबीनवर आणि भाजलेल्या गव्हावर पिवळट हिरवी बुरशी छान धरली होती, आणि उद्या सकाळी ती मिठाच्या पाण्यात पडायलाच हवी होती. कोजी कुणासाठी थांबत नाही. म्हणून चिगुसाने महिन्यापूर्वीच संग्रहालयात फोन केला होता. मी तिथेच बसले होते. किती गोड बोलली पोर. पिंप आहे तसंच द्या, म्हणाली, तुम्ही काही त्रास घेऊ नका, आम्ही येऊन नेऊ.

ओबातासान वसंतातच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेले हे उरागुचीसान त्याआधी मोठ्या शहरात बाहुल्यांच्या संग्रहालयात होते. वागायला अतिशय नम्र. इतके नम्र की त्यांच्याशी बोलताना माझी मान दुखते.

दगडाच्या खाणीवाल्याकडून मागून आणलेला क्रेनचा ट्रक बाहेर उभा करून आम्ही आत गेलो. चपला काढल्या, त्यांनी दिलेल्या सपाता घातल्या. दालनात पिंपाभोवती लाल-पांढरी दोरी बांधलेली. बाजूला मेजावर रेशमी रुमालात गुंडाळलेला मिठाईचा डबा. संग्रहालयाच्या दोन मुली आणि एक पोरगा रांगेत उभे, आणि गावच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला. मला वाटलं, चला, मान ठेवला पिंपाचा. मग मी पिंपाकडे पाहिलं.

ते पिवळं होतं. नव्या कोऱ्या पाटासारखं पिवळं, आणि वरून चकचकीत.

उरागुचीसान सांगत होते आणि मला मधले मधले शब्द ऐकू येत होते. खास माणसं क्योतोहून बोलावली होती. गरम पाण्याचा जोराचा फवारा मारला. आतलं जुनं आंबवण काढून टाकलं, खपली ब्रशने घासून काढली, मग पॉलिश. इतकी वर्षं आपण आम्हाला उसनं दिलं होतंत, म्हणाले, ते तसंच घाणेरडं परत करणं आम्हाला शोभलं नसतं. आणि चिगुसासान तर फोनवर म्हणाल्या की त्रास घेऊ नका, म्हणून तर आम्हाला आणखीच वाटलं की घ्यायला हवा.

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे कुणी त्रास घेऊ नका म्हटलं की घ्यायचाच असतो. पाहुण्याने नको म्हटलं की चहा टाकायचाच, आणि शेजारणीचं भांडं परत करताना घासूनपुसूनच परत करायचं. मीच तिला असं बोलायला शिकवलं. धुऊ नका रे मेल्यांनो, असं बोलायला कोण शिकवतं?

पिंपाच्या मागच्या भिंतीवर मुठीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की या लाकडाच्या रंध्रारंध्रांत शंभराहून अधिक वर्षं सूक्ष्म जीव नांदत आहेत आणि तेच शोयूला चव देतात. खाली फळीमागे एक कर्णा लपवला होता. त्यातून बुडबुड्यांचा आवाज येत होता, पुट पुट पुट. पिंप रिकामं होतं आणि भिंत बुडबुडत होती.

मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही वाचलंत कधी? ते म्हणाले, मजकूर मीच नव्याने लिहून घेतला.

प्रेक्षकांना आत डोकावता यावं म्हणून काठापर्यंत लाकडी पायऱ्या केल्या होत्या, त्या चिगुसा चढली. काठावर दोन्ही हात ठेवून डोकं आत घातलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मी आणि उरागुचीसानही वर गेलो. तिने डोकं बाहेर काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझी पोर रडेल, ओरडेल, असं मला वाटलं, आणि मी तिच्या मागे उभी राहायला तयार होते. तर ती उरागुचीसानकडे वळली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "आमच्यामुळे तुम्हाला एवढा त्रास झाला. माफ करा."

माफी आणि आम्ही मागायची!

तोवर उरागुचीसानना कुठेतरी काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं. काय ते मात्र कळलं नव्हतं. म्हणून तेही वाकले, चिगुसापेक्षा खाली. त्यांचं पाहून खालचे तिघे वाकले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला आणि तोही वाकला. आता रीत अशी की मी थोडं वाकायचं, काही हरकत नाही म्हणायचं, मग सगळे सरळ होणार, मिठाईचा डबा माझ्या हातात येणार, आणि प्रकरण मिटलं. जन्मभर मी हेच केलंय. तेत्सुजीच्या छातीतलं दुखणं ज्या डॉक्टरने नुसता खोकला समजून त्याला घरी पाठवलं, तो पुढे येऊन माझ्यासमोर वाकला, आणि मी त्यालाही काही हरकत नाही म्हणून आले होते.

मी वाकले नाही.

भिंत बुडबुडत राहिली. उरागुचीसानच्या टकलावरचा दिव्याचा उजेड हलेना. आमच्या बेटावर आजवर कुणी असं केलं नसेल. मानेला सवयीची ओढ लागली होती आणि मी दातओठ खात ती ताठ धरून ठेवली. खालच्या एका मुलीने डोळ्याच्या कोपऱ्यातून वर पाहिलं आणि पटकन डोळे पुन्हा खाली घातले.

"वाकलाच आहात," मी म्हटलं, "तर डोकं तसंच पिंपात घाला आणि वास घ्या."

त्यांनी घातलं. नम्रच माणूस. आत जरा हुंगल्याचा आवाज आला.

"कसला येतो?"

"कसलाच नाही," ते म्हणाले. पहिला शब्द मोठ्या समाधानाने म्हणाले, कामाची पावती द्यावी तसा. दुसरा शब्द पिंपातच राहिला.

तेव्हा चिगुसा सरळ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"शाळेत मुली मला शोयूची बाटली म्हणायच्या," ती म्हणाली. "मी घरी येऊन साबणाने अंग घासायची, रक्त येईपर्यंत. केस कापून टाकले. ओसाकात रोज दोनदा अंघोळ केली. तो वास मला नाही घालवता आला. मग एक दिवस कळलं, तो गेलाय. त्या दिवशी मी बॅग भरली." ती थांबली. "आणि तुम्ही महिन्याभरात..."

हे मला माहीत नव्हतं. साबण माहीत होता, बॅगेचं माहीत नव्हतं.

मी तिला म्हटलं, राहू दे, हे मेलेलं लाकूड घरी नेऊन काय करायचं, कोजी त्या शेजारच्या कारखानदाराला देऊन टाकू. खरंच तसं वाटलं मला. सगळ्याचाच वीट आला होता. चिगुसाने डोळे पुसले, पिंपाच्या काठावरून हात फिरवला आणि बोट पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

"आपल्या भिंती काळ्या आहेत अजून," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ ठेवू. पॉलिश मी खरवडून काढीन. कोजी आतच पडेल, उद्याच."

पहिला शोयू खारट पाणी निघेल हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. काडोवाकींची चव त्यात परत येईल तेव्हा चाखायला मी असेन असं काही दिसत नाही. मी मान हलवली.

उरागुचीसान आता पिंपातून बाहेर आले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, तेवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. त्यांनी हात मांड्यांवर घेतले आणि पुन्हा वाकायला सुरुवात केली. मागोमाग खालचे तिघेही.

"नका," चिगुसा म्हणाली, आणि पिंपाच्या बुडाकडे बोट दाखवलं. "वाकायचंच असेल तर खाली या. हे उचलायला वाका."