शेजारी दिलेली अंडी

इटलीतल्या व्हिचेंझा शहराजवळच्या त्या गावात शनिवारी सकाळी ओर्नेलाने खुराड्यातली अंडी टोपलीत भरली आणि नेहमीप्रमाणे शेजारच्या बेर्तिल्लाकाकूंना देऊन आली. चुलीवरची पोलेंटा, मक्याच्या पिठाची लापशी, ढवळताना ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या अंड्यांवर शेजारचं बाळ पोसतंय रे! काकू सुनेला रोज दोन फेटून पाजतात. नीव्हेसला सातवा महिना लागला ना."

एजिदिओच्या हातातला घास हातातच राहिला. "नको देऊस तिला."

"का रे? इतका चिक्कू कधीपासून झालास?"

एजिदिओ दरीतल्या रसायन कारखान्यात फोरमन. थंडगार हायड्रोफ्लोरिक आम्लात निकेलच्या पट्ट्या बुडवून वीज सोडायची, की कच्च्या मालातल्या हायड्रोजनची जागा फ्लोरीन घेतं. तो माल कापडाला चोळला की पावसाचा थेंब ठरत नाही. "जाळा, पुरून ठेवा, आमचा माल मोडायचा नाही," असं तो गुत्त्यात छाती फुगवून सांगे. तोच न मोडणारा माल सांडपाण्यातून विहिरींत उतरला होता आणि विहिरींतून कोंबड्यांच्या पोटात. हिवाळ्यात फोरमन मंडळींना हे सांगितलं गेलं, आणि तोंड बंद ठेवायची तंबीही मिळाली.

आता त्याने ते सगळं ओर्नेलाला सांगितलं. "अचानक अंडी बंद केली असती, तर कारण सांगावं लागलं असतं," तो पुटपुटला.

"म्हणून वजनाचं निमित्त करून माझं ऑम्लेट सोडवलंस! आणि मी मूर्ख, सगळी त्या पोरीच्या पोटात घालत होते."

एजिदिओ वाईट माणूस नव्हता. कारखान्याची गोष्ट कारखान्यातच ठेवायची, ही त्याच्या बापाचीही रीत होती. असल्या रीतीला इमान म्हणतात, याचीच लाज वाटते.

ओर्नेला तशीच बाहेर पडली. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना तिने सगळं सांगितलं. काकू पांढऱ्याफटक पडल्या, मग त्यांनी आजूबाजूच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"हळू बोल ग. आमचा पोरगा लुका त्याच कारखान्यात लागलाय, अजून कायम व्हायचाय. आजपासून नाही देणार तिला. झालं, संपला विषय."

"आणि समोरच्या रेनाताची पोरं? तिच्याही कोंबड्या हेच पाणी पितात."

"त्यांचं ते बघतील."

ओर्नेलाला काकूंकडे पाहवेना. तिने वळून समोरच्या घराकडे हाक दिली, "रेनाता! पोरांना अंडी देऊ नकोस! विषारी आहेत, आणि माझ्या नवऱ्याला हिवाळ्यापासून ठाऊक आहे!"

खिडक्या उघडल्या. नीव्हेस पोटावर हात ठेवून दारात आली. ओर्नेलाच्या मागोमाग आलेला एजिदिओ कुंपणापाशी उभा होता. आत पळून जावं असं त्याला वाटलं.

"खरं आहे," तो मान खाली घालून म्हणाला.

"मोठ्यानं सांग," ओर्नेला म्हणाली. "नीव्हेसकडे बघून सांग."