तबकडीवरचा लाल ठिपका

माझ्या तबकडीच्या काचेवर, निम्म्याच्या थोडा अलीकडे, मोहरीएवढा एक लाल ठिपका आहे. तो नखांना लावायच्या रंगाचा आहे. नीट पाहिलेत तर त्यात ब्रशचा एक केसही अडकलेला दिसेल.

मित्रांनो, मी शरीरातली चरबी ओढून काढणारे यंत्र आहे, आणि आता जुने झाले आहे. पोटात पंप, बाजूला काचेची बरणी आणि पुढे लांब नळी. त्या सोंडेमुळे सगळे मला हत्ती म्हणत. माझा गुण एकच, जोर. बटण शेवटपर्यंत फिरवले की बरणी बघता बघता भरे. मोठे डॉक्टर माझ्यावर थाप मारून म्हणत, "हत्ती आहे म्हणून आपण वेळेवर जेवतो!" मी फुशारून जाई. ती चरबी तेव्हा फेकूनच द्यायची असे. ओढताना तिचे काय होते, हे कोण कशाला विचारील?

मग फेकणे थांबले. चरबीत मूळपेशी असतात. त्या वेगळ्या करून भाजल्याच्या कडक व्रणात सोडल्या तर तो मऊ पडेल, अशी आशा होती. बरणी आता शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊ लागली. काम बदलले, डॉक्टरांच्या हाताची सवय बदलली नाही. बटण शेवटपर्यंतच फिरे.

प्रयोगशाळेतल्या ताई सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत. त्यांच्यात घातलेल्या रंगाने मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत होत नाहीत.

"सर, निम्म्याहून जास्त निळ्या आहेत," त्या एकदा म्हणाल्या. "हत्तीचा जोर कमी करू या का?"

"बघू."

ताईंनी पर्समधून नखांच्या रंगाची बाटली काढली आणि जोर दाखवणाऱ्या माझ्या तबकडीच्या काचेवर ठिपका दिला. "इथवरच, सर."

"बघू" हा शब्द मी पुढे वर्षभर ऐकला.

त्याच वर्षी बेकरीत काम करणारी एक मुलगी आली. भट्टीच्या दाराने तिचा उजवा तळवा भाजला होता. बोटे मिटत नव्हती, पीठ मळता येत नव्हते. मी तिची चरबी दोनदा ओढली. दोन्ही वेळा ताईंना निळेच दिसले. डॉक्टर तिला म्हणाले, "तुझ्या पेशीच अशक्त आहेत गं." तिने ते खरे मानले.

माझे ऐका, मित्रांनो. ज्या जोराची शाबासकी मिळते, तो समोरच्याला सोसतो का, हे मला कधीच विचारता आले नाही. मला फक्त घरघर करता येते. तुम्हाला बोलता येते. वेळेवर विचारत जा.

तिसऱ्या वेळी ती टेबलावर आडवी झाली. भूल फक्त कमरेपुरती होती.

"सिस्टर, आता उरलंय तरी काय? मागच्या वेळीच डब्याचा तळ खरवडून नेलात!"

सिस्टर हसल्या. पण खरेच कमरेपाशी मूठभरच उरले होते. ही शेवटची खेप होती.

"माझं शरीरच नाठाळ," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार?"

ताई दारात उभ्या होत्या. हातात मागच्या दोन मोजण्यांचे कागद होते. डॉक्टरांनी माझे बटण धरले. काटा हलला, ठिपका ओलांडून पुढे गेला. मग त्यांनी बटण उलटे फिरवून मला बंद केले आणि स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले.

"तुझ्या पेशी अशक्त नव्हत्या. ओढताना मी मारल्या. दोन्ही वेळा. ताई मला वर्षभर सांगत होत्या."

तिने न मिटणारा तळवा डोळ्यांसमोर धरला. "आणि मी घरी जाऊन स्वतःलाच बोल लावत होते."

डॉक्टर स्टुलावरून उठले.

"सिस्टर," ते म्हणाले, "काटा लाल ठिपक्यावर ठेवा. आजपासून त्याच्या पुढे नाही. जेवायला उशीर झाला तर होऊ दे."