वाळलेला पांगारा

शालूबाईनं हातातला खराटा भिंतीला टेकवला आणि फाटकाची कडी काढली. बाहेर गळ्यात कॅमेरा अडकवून सुनेत्राबाई उभ्या होत्या.

"या आत. शेठ मुंबैला हायेत."

सुनेत्राबाई तळेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दर फाल्गुनात फुललेल्या झाडांचे फोटो काढत मावळभर हिंडायच्या. कुठला पळस आधी फुलला, कुठली सावर मागं राहिली, सगळं तोंडपाठ. लोणावळ्यातल्या या बंगल्याचा पांगारा त्या सहा वर्षं रस्त्यावरूनच टिपत होत्या. काल त्याच्या खोडावर त्यांना नगरपालिकेची नोटीस दिसली आणि त्यांनी ती कुंपणापलीकडून, वाचता न येणाऱ्या शालूबाईला वाचून दाखवली. झाड पूर्ण वाळलेलं आहे, तोडायला परवानगी मागितली आहे, कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत पुराव्यासह कळवावं. आज सहावा दिवस होता.

पाणी कुठं मुरतंय ते शालूबाईला तेव्हा कळलं. पांगारा फुलायच्या आधी अंगावरचं पान न् पान टाकून देतो. बंगल्याचे मालक राजेंद्रशेठ, त्यांनी पौषात नेमके त्याच उघड्या फांद्यांचे फोटो काढून नेले होते. तिथं त्यांना पोहायचा तलाव करायचा होता. आणि आठवड्यापूर्वी फोनवर बजावलं होतं, झाडाखाली एक फूल दिसता कामा नये. सहा दिवस ती इमानेइतबारे तो लाल सडा लोटत होती. तिच्याच हातून तिच्याच झाडाचा पुरावा पुसून घेतला होता! कालपासून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आज खराटा हातात असूनही तिनं तो जमिनीला टेकवला नव्हता.

झाड तिचंच म्हणायचं. वीस वर्षांपूर्वी कपड्यांची दोरी बांधायला तिनं पांगाऱ्याचं एक दांडकं ठोकलं होतं. आषाढात त्याला पालवी फुटली.

सुनेत्राबाईंनी भराभर फोटो घेतले. फुलांवर मैना भांडत होत्या. त्यांनी एक फोटो कौतुकानं पुढं केला.

"लय झ्याक. पर बाई, ह्ये कुटलंबी झाड आसंल. शेठ म्हनतील, दुसऱ्याचं हाय."

चाळीस वर्षं पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या सुनेत्राबाई हसल्या.

"बरोबर आहे. नोटीस, फुलं आणि मागं बंगल्याची पाटी, सगळं एकाच फोटोत यायला हवं."

त्या मागं सरल्या. पण नोटिशीचं खालचं टोक सुटलं होतं आणि घाटावरचा वारा कागद सारखा उडवत होता.

आऊटहाऊसच्या दारातून शालूबाईचा नवरा मारुती हे सगळं बघत होता. त्याला राहवेना.

"शालू, आपन भलं नि आपलं काम भलं. खोली सोडाय लावली तर जायचं कुटं?"

"त्ये मला ठावं हाय."

"मी अर्ज माझ्या नावानं देते," सुनेत्राबाई घाईनं म्हणाल्या. "शालूबाई, तुम्ही फक्त कागद धरा. बाजूला उभ्या राहा, हाताशिवाय काही दिसू देत नाही."

शालूबाई खोडाशी गेली. कागदावर तळवा दाबून धरला. मग पदर खांद्यावर नीट घेतला आणि सरळ कॅमेऱ्यासमोर वळून उभी राहिली.

"अहो, चेहरा येतोय तुमचा."

"येऊ द्या. दांडकं हुतं तवा मेलं न्हाई ह्ये, आन आता वाळलं व्हय? काढा."

आऊटहाऊसचं दार वाजलं. मारुती आत गेला होता. शालूबाईनं तिकडं एकदा पाहिलं. वीस वर्षांत तो कुणाला उलटून बोलला नव्हता, आजच कसा बोलणार? तिला वाईट वाटलं, रागही आला. पण हात तिनं काढला नाही.

सुनेत्राबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांबा वाईच, बाई."

मारुतीचा आवाज होता. तो बाहेर येत होता. डोक्यावर लग्नकार्याला घालायची धुतलेली टोपी होती. पायाखालची फुलं चुकवत तो खोडाच्या दुसऱ्या बाजूला आला आणि त्यानं कागदाचं सुटलेलं टोक धरलं.

दोघांना फोटोत घ्यायला सुनेत्राबाईंना आणखी दोन पावलं मागं सरावं लागलं.