पाऊण फेरा

त्या घरात कुठलीही गोष्ट एकदा आवळून भागत नसे. नळ एकाने बंद केला की नाना उठून तोच नळ पुन्हा बंद करत. बरणीचं झाकण आईने लावलं की त्यावर नानांचा एक पिळा बसायचाच. थोरली पहिलीत असताना तिची पाण्याची बाटली उघडायला वर्गातल्या बाई हरल्या, मग शाळेचा शिपाई हरला, शेवटी मुख्याध्यापकांनी ती दाराच्या फटीत धरून उघडली. चिठ्ठी घरी आली, ‘बाटली सैल लावावी.’ नानांनी ती वाचून घडी घातली आणि म्हणाले, “सांडली तर कोण जबाबदार?”

ह्याच नानांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. मागे दोन खोल्या, त्यात संसार. धाकटी लग्न होऊन गेली. थोरली पाने-पकडींतच वाढली होती, ती दुकानात राहिली. चौतिशी आली, तरी गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तिच्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, “नाना आहेत का?”

त्या गुरुवारी सकाळी ती दवाखान्याच्या मोटरसायकलपुढे उकिडवी बसली होती आणि फिल्टर काही केल्या निघत नव्हता.

तेलाचा फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा. इंजिनाला आट्यांवर बसतो, मध्ये एक रबरी रिंग. ती रिंग टेकली की पुढे हातानेच पाऊण फेरा द्यायचा. पाना लावायचा नाही. पाऊण फेऱ्यात रिंग बसते, त्यापुढे चिरडते. एवढं साधं. थोरलीने तीन महिन्यांपूर्वी हाच फिल्टर मोजून पाऊण फेरा देऊन बसवला होता. आज तो असा बसला होता जणू कारखान्यातून इंजिनासकटच ओतून काढलाय.

पट्ट्याचा पाना लावला, पट्टा घसरला. पट्ट्याखाली पॉलिशपेपर गुंडाळला, पेपर फाटला.

“सावकाश होऊ दे,” बाकावरून नर्सबाई म्हणाल्या. त्यांच्या कोपराला पट्टी होती. “मला काय, एकच हात मोडायचा राहिलाय.”

सोमवारी एका बाळंतिणीकडे निघालेल्या नर्सबाईंच्या गाडीचं तेल रस्त्यात गळलं, मागच्या चाकावर आलं आणि वळणावर बाई गाडीसकट आडव्या झाल्या. बाळ त्यांच्या आधी पोचलं.

“चूक झाली, नर्सबाई.”

“ह्या वर्षातली तिसरी. दवाखान्याच्या चार गाड्या आहेत तुमच्याकडे. डॉक्टर विचारतात, दुकान कोण चालवतं? मी काय सांगू?”

दारातल्या खुर्चीत नाना मांडीवर पेपर पसरून बसले होते. वर न बघता म्हणाले, “सैल राहिला असणार.”

थोरलीने पाना खाली ठेवला. ठेवला म्हणजे टाकलाच.

“सैल? नाना, हा सैल आहे? या, काढून दाखवा.”

नानांनी पेपरचं पान उलटलं.

शेवटी तिने नाइलाजाने स्क्रू-ड्रायव्हर डब्याच्या आरपार ठोकला आणि त्याचाच दांडा करून फिरवला. पत्रा कोकलला, काळं तेल कोपरापर्यंत आलं, पण डबा सुटला. रिंग बाहेर आली ती चपटी होऊन, एका जागी चिरलेली.

“हे बघा.” तिने ती नानांच्या नाकापुढे धरली. “आवळून आवळून चिरलीय. सैल असती तर गोल राहिली असती.”

“मी हात लावलेला नाही.”

“मग कोणी, उंदराने?”

“मी हात लावलेला नाही म्हणतो ना.”

दीड वर्ष हेच चाललं होतं. ती बसवायची पाऊण फेरा, काढताना निघायचा सव्वा-दीड. आणि नाना कानावर हात. बाकी कामाला म्हणावं तर दीड वर्षात त्यांनी पान्याला बोट लावलं नव्हतं. दिवसभर खुर्चीत, मांडीवर पेपर, तोंडाने सूचना. आपण काम करायचं आणि ह्यांनी मागाहून गुपचूप येऊन तपासायचं. बाटलीच्या झाकणासारखं!

तिच्या शर्टाच्या खिशात एक पत्र होतं. शहरातल्या मोठ्या शोरूमचं. ‘मुख्य मेकॅनिक म्हणून रुजू व्हावे, शनिवारपर्यंत कळवावे.’ घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी विषय काढत नव्हतं. तिथे कोणी मागून येऊन आवळणार नव्हतं. थोरलीने त्याच क्षणी मनाशी ठरवलं: आज एकदा शेवटचं बघायचं. ह्या फिल्टरला नानांचा हात लागला, तर शनिवारची वाट बघायची नाही, आजच होकार कळवायचा.

तिने इंजिनावरची फिल्टरची जागा स्वच्छ पुसली. नव्या रिंगला बोटाने तेल चोळलं, फिल्टर टेकेपर्यंत फिरवला, मग पाऊण फेरा. थांबली. मग कपाटातून धाकटीने मागे ठेवलेली डाळिंबी नेलपॉलिशची बाटली काढली आणि फिल्टरवरून थेट इंजिनावर एक बारीक रेघ ओढली. डबा केसभर हलला तरी रेघ तुटणार.

“आता नटवताय का गाडीला?” नर्सबाईंनी विचारलं.

“चार वाजता या. तेल एक डबा कमी पडतंय, आणते.”

नर्सबाई लंगडत गेल्या.

थोरली दुपारी तेल घेऊन परतली तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी, पेपर खाली पडलेला. तिने डबा ठेवला आणि वाकून बघितलं.

रेघ तुटली होती. वरचा तुकडा खालच्यापासून चांगला बोटभर पुढे गेला होता.

तिला आधी हसूच आलं, रडायच्या आधी येतं तसं. मग ती मागच्या खोलीत गेली.

“नाना, बाहेर या.”

नाना कॉटवर आडवे होते. “काय झालं?”

“बाहेर या म्हणते ना!”

असा आवाज तिने घरात कधी लावला नव्हता. नाना चपला न घालताच आले.

“ही रेघ. सकाळी सरळ होती. आता बघा. अजून म्हणा, हात लावला नाही.”

“नाही लावला.”

“ठीक आहे. तुम्ही आवळलाय, तुम्हीच काढा. पाना मिळणार नाही. हाताने आवळलाय, हाताने काढा. नाहीतर मी चालले शहरात, आणि दवाखान्याच्या चारी गाड्या तुम्ही सांभाळा!”

नाना खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि फिल्टरला घातले.

पेपराबाहेर, उजेडात ते हात तिने कित्येक महिन्यांत बघितले नव्हते. बोटांची पेरं सुपारीएवढी सुजलेली. बोटं डब्याभोवती गेली आणि अर्ध्यावर थांबली. मिटेनात. नानांनी दात आवळले, मान ताणली. हात डब्यावरून नुसते सरकले.

“मी म्हणालो ना,” नाना म्हणाले. तेवढंच.

तेवढ्यात आतून ओल्या पदराला हात पुसत आई आली.

“सोड त्यांना. मीच केलंय ते.”

“तू?” दोघंही एकदम म्हणाले.

“मग काय करू? दुपारी आडवे पडतात आणि डोळे आढ्याला. ‘पोरीने नीट आवळलं असेल का गं? जाऊन बघ ना.’ ह्या कुशीवरून त्या कुशीवर. म्हणून मी जाते, आवळते आणि सांगते, बघून आले, घट्ट आहे. मग घोरतात.”

“मी तुला बघायला सांगत होतो!” नाना म्हणाले.

“नुसतं बघून मला काय कळतंय? खोटं कशाला बोलू? आवळूनच आले की खरं सांगता येतं, घट्ट आहे म्हणून.”

“प्रत्येक गाडी?” थोरलीने विचारलं.

“ज्या गाडीवर ह्यांची झोप उडते ती. बहुतेक सगळ्याच.”

“आई, अगं नर्सबाई पडल्या ना त्याने!”

“आवळल्याने कोण पडतं? सैल असलं तर पडतं माणूस.” आईने नानांकडे बोट केलं. “पस्तीस वर्षं हेच ऐकतेय.”

आता ह्यावर कोणाशी भांडायचं? नवरा झोपत नाही म्हणून बायको फिल्टर आवळते, फिल्टर आवळला म्हणून नर्स पडते, नर्स पडली म्हणून नवरा झोपत नाही. थोरली कपाळाला हात लावून बाकावर बसली. कपाळाला तेल लागलं.

“दीड वर्ष मी तुम्हाला बोल लावतेय,” ती म्हणाली. “हात असे झालेत, एका शब्दाने सांगायचं नाही?”

“सांगून काय, गिऱ्हाइकं वाढणार होती?” नाना म्हणाले.

“काढू का परत?” आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसली. दोन्ही हातांनी डबा धरला आणि ओली चादर पिळावी तसा एकच हिसका दिला. डबा सुटला. पट्टा नाही, पॉलिशपेपर नाही. नानांचं तोंड उघडंच राहिलं.

“हिला दुकानात घ्यायला हवं होतं,” ते पुटपुटले.

“आवळायला नको!” थोरली ओरडली. मग नवा फिल्टर आणला. “बस इथे. रिंग टेकली? आता पाऊण फेरा. हं. बस.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अगं, माझे हात शिवशिवतायत.”

“शिवशिवू देत. नाना, तुम्ही ही बाटली धरा. रेघ तुम्ही ओढायची. दुपारी झोप येत नसेल तर उठून रेघ बघायची. सरळ असेल तर गप झोपायचं. आईला पाठवायचं नाही.”

नानांनी इवला ब्रश दोन सुजल्या बोटांत कसाबसा पकडला. रेघ ओढली. ती तीन ठिकाणी वळली.

“वाकडी झाली.”

“असू दे. वाकडी तुटली तरी कळते.”

चारला नर्सबाई आल्या. तेल भरून गाडी चालू केली. गळतंय का ते बघायला खाली कोरा कागद हवा होता. थोरलीने इकडे-तिकडे पाहिलं. मग खिशातलं पत्र काढून कोरी बाजू वर करून इंजिनाखाली सरकवलं.

“अगं, ते—” आई म्हणाली.

“दुसरा कागद नाही,” थोरली म्हणाली.

दहा मिनिटं चौघंही त्या कागदाकडे बघत राहिली. गाडी धडधडली, कागद फडफडला, थेंब पडला नाही. नर्सबाई दोनदा वाकल्या.

“दुकान कोण चालवतं, डॉक्टरांना काय सांगू?”

“ही,” नाना म्हणाले.

“तीन महिन्यांनी बघते,” म्हणून नर्सबाईंनी गाडी काढली. मागचं चाक कागदावरून गेलं. थोरलीने तो उचलला, चाकाच्या नक्षीचा पट्टा बघितला आणि हात पुसायच्या चिंध्यांत टाकला.

मग ती हात धुवायला मागे गेली. साबण लावला, नळाला हात घातला. नळ फिरेना. दोन्ही हातांनी जोर केला. साबणाने हात घसरले.

“आईऽऽ!”

“ठिबकत होता गं थोडा,” आतून आवाज आला.

साबणाच्या हातांनी थोरली पुन्हा दुकानात गेली, पाना आणायला.